स्पीकरची भूक आणि खिशाचा अंदाज

मामा मस्कतची नोकरी संपवून परत आले तेव्हा त्यांच्या सामानात कमरेइतक्या उंचीचे, लाकडी पेटीचे दोन स्पीकर होते. पुढची पंचवीस वर्षे ते त्यांच्या दिवाणखान्यात दोन कोपऱ्यांत उभे राहिले. मामा गेल्यावर वर्षभराने मामीचा फोन आला, “तुझ्या मामांचे हे दोन खांब घेऊन जा रे बाबा. भंगारवाला रोज विचारून जातो.” मी ते कोथरूडच्या घरी आणले. मामांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर केव्हाच निकामी झाला होता, म्हणून नवा घेणे आले. दुकानदाराच्या सल्ल्याने ३२ हजार रुपयांचा पाच वाहिन्यांचा रिसीव्हर घेतला. खोक्यावर लिहिले होते : प्रत्येक वाहिनीला १०० वॉट.

रविवारी सकाळी एका मैफलीचे ध्वनिमुद्रण लावले. विलंबित ख्याल छान चालला. द्रुत सुरू झाले, मी आवाज थोडा वाढवला, डग्गा घुमला आणि आतून ‘टक्’ असा आवाज येऊन सगळे शांत झाले. समोर लाल दिवा लुकलुकू लागला. बंद करून पुन्हा सुरू केले. पुन्हा डग्गा, पुन्हा ‘टक्’. दुकानदार फोनवर म्हणाला, “साहेब, स्पीकर जुने झालेत. आता ते काढा.” मी जवळजवळ ऐकलेच होते. पण स्पीकर मामांचे होते, आणि हळू आवाजात ते अजूनही इतके सुरेख वाजत होते की त्यांच्यात दोष आहे हे मनाला पटेना. म्हणून काढून टाकण्याआधी थोडा अभ्यास करायचे ठरवले. त्या अभ्यासातून हाती लागले ते या लेखात मांडतो आहे. एवढे आधीच सांगतो, की स्पीकरांत काहीही बिघाड नव्हता.

खोक्यावरचे वॉट

आपण अ‍ॅम्प्लिफायर घेताना पहिला आकडा बघतो तो वॉटचा, आणि फसवणूकही सर्वांत जास्त याच आकड्याची होते. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरांवर ‘१००० वॉट पीएमपीओ’ अशी चिकटपट्टी असे, हे अनेकांना आठवत असेल. क्षणाच्या लहानशा तुकड्यात, वाटेल तेवढी विकृती चालवून घेऊन, कागदावर काढलेला तो आकडा असे. ऐकण्याशी त्याचा संबंध नव्हता. अमेरिकेतही पूर्वी असाच गोंधळ होता, म्हणून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियम केला : घरगुती अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती सांगताना ती सलग मिळणारी असावी, आणि किती ओहमच्या भारात, कोणत्या कंपनसंख्यांच्या पट्ट्यात आणि किती विकृतीसह मिळते, हे सांगितले पाहिजे. अनेक वाहिन्यांचे रिसीव्हर आल्यावर पुन्हा पळवाटा निघाल्या, तेव्हा २०२४ मध्ये त्या नियमात सुधारणा करून चाचणीच्या अटी अधिक पक्क्या करण्यात आल्या.

माझ्या रिसीव्हरच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत खरी हकिगत होती. १०० वॉट मिळतात ते ६ ओहमच्या भारात, फक्त १००० हर्ट्झच्या एकाच सुराला, १० टक्के विकृतीसह आणि एकच वाहिनी चालू असताना. दहा टक्के विकृती म्हणजे आवाज फाटलेला ऐकू येण्याची अवस्था. ४ ओहमसाठी आकडाच नव्हता. मामांच्या स्पीकरच्या पाठीवर मात्र ठळक लिहिले होते : ४ ओहम.

टाकी आणि नळ

हा ओहम काय प्रकार आहे, हे इमारतीच्या पाण्यावरून चटकन कळते. गच्चीवरची टाकी जितकी उंच, तितका नळाला दाब जास्त. वीजमंडलात हा दाब म्हणजे व्होल्टेज. नळ किती उघडला आहे त्यावर पाणी किती वाहील ते ठरते. ते वाहणे म्हणजे करंट. आणि नळ पाण्याला जो अडथळा करतो तो म्हणजे ओहममध्ये मोजला जाणारा इम्पिडन्स. ओहम कमी म्हणजे नळ अधिक उघडा. सकाळी सात वाजता सगळ्या मजल्यांवरचे नळ एकदम उघडले की टाकी कितीही उंच असो, वरून येणारा पाइप बारीक असेल तर धार मरते. अ‍ॅम्प्लिफायरचेही असेच होते.

आकड्यांत पाहू. अ‍ॅम्प्लिफायरने स्पीकरला २० व्होल्ट दिले, तर ८ ओहमचा स्पीकर अडीच अँपिअर करंट घेतो आणि शक्ती होते ५० वॉट. ४ ओहमचा स्पीकर त्याच २० व्होल्टना ५ अँपिअर घेतो, म्हणजे १०० वॉट. २ ओहमला १० अँपिअर आणि २०० वॉट. आदर्श अ‍ॅम्प्लिफायर ओहम निम्मे झाले की दुप्पट शक्ती देतो. प्रत्यक्षात ट्रान्सफॉर्मर लहान असतो, साठवणीचे कपॅसिटर काटकसरीने घातलेले असतात, ट्रान्झिस्टरना आणि त्यांची उष्णता वाहून नेणाऱ्या हीटसिंकला मर्यादा असतात. मागणी वाढली की व्होल्टेज खचते, नाहीतर संरक्षक मंडल जोडणी तोडते. माझा ‘टक्’ आवाज त्याचाच होता. रिसीव्हर स्वतःचा जीव वाचवत होता.

आणखी एक गुंतागुंत आहे. स्पीकरवर लिहिलेला ओहमचा आकडा हा एक प्रकारे सरासरीचा शेरा असतो. प्रत्यक्षात प्रत्येक स्वराला इम्पिडन्स वेगळा. ‘४ ओहम’ म्हणवणारा स्पीकर एखाद्या कंपनसंख्येला २० ओहमपर्यंत चढतो, तर दुसरीकडे तीनपर्यंत उतरतो. शिवाय स्पीकर हा साधा रोधक नाही. त्यात तारेची वेटोळी आहेत, कपॅसिटर आहेत, हलणारा पडदा आहे. त्यामुळे काही स्वरांना व्होल्टेज आणि करंट यांची पावले जुळत नाहीत, आणि अशा वेळी अ‍ॅम्प्लिफायरचे ट्रान्झिस्टर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त तापतात. खाली उतरलेले ओहम आणि न जुळणारी पावले ही दोन्ही संकटे एकाच स्वरावर आली, तर तो स्पीकर ‘अवघड’ समजावा.

दोन प्रकारची भूक

मात्र अवघड स्पीकर सगळे एकाच कारणाने अवघड नसतात, आणि खरेदीत चूक होते ती इथे. इतिहासातली तीन उदाहरणे पाहिली म्हणजे हे स्पष्ट होईल.

पहिले बीबीसीचे. १९७० च्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांनी बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये मावेल असा छोटा स्पीकर तयार केला, एलएस ३/५ए. त्याची संवेदनक्षमता, म्हणजे ठरावीक विजेत किती आवाज देतो ते माप, फारच कमी : सुमारे ८२ ते ८३ डेसिबल. पण मूळच्या आवृत्तीचा इम्पिडन्स १५ ओहम. वरचेच २० व्होल्ट याला दिले तर तो जेमतेम सव्वा-दीड अँपिअर करंट घेईल. याची भूक दाबाची आहे, प्रवाहाची नाही. त्याला साधा, पण पुरेसे व्होल्टेज देणारा अ‍ॅम्प्लिफायर चालतो.

दुसरे टोक म्हणजे १९८० च्या दशकातला अमेरिकेतल्या अपोजी कंपनीचा सिंटिला. धातूच्या पातळ फितींवर चालणारा हा स्पीकर, आणि इम्पिडन्स चक्क १ ओहम. तेच २० व्होल्ट इथे २० अँपिअर ओढतील आणि शक्ती होईल ४०० वॉट. त्याच्यापुढे भले भले अ‍ॅम्प्लिफायर मान टाकत.

तिसरे उदाहरण इंग्लंडमधल्या क्वाड कंपनीच्या पीटर वॉकर यांनी १९५७ साली बाजारात आणलेल्या इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरचे. त्याचा इम्पिडन्स वरच्या टोकाच्या स्वरांना २ ओहमच्याही खाली जातो. तरी क्वाडचाच १५ वॉटचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर त्याला सुखाने चालवत असे. कारण उघड आहे. संगीतात इतक्या उंच स्वरांत ऊर्जा फारच थोडी असते. म्हणजे ओहम किती खाली जातात याइतकेच ते कुठे खाली जातात हेही महत्त्वाचे. संगीताची बहुतेक ऊर्जा खर्जात आणि मधल्या सप्तकांत असते; दरी तिथे असेल तर अ‍ॅम्प्लिफायरची खरी परीक्षा. मामांच्या स्पीकरची दरी बहुधा १०० हर्ट्झच्या आसपास असावी, कारण डग्ग्याचा घुमार नेमका त्या भागात नांदतो आणि रिसीव्हर दर वेळी तिथेच बसत होता.

एका वर्षातले दोन निष्कर्ष

या विषयावर दोन तट आहेत. एक म्हणतो, सगळे अ‍ॅम्प्लिफायर सारखेच, उगाच पैसे घालवू नका. दुसरा म्हणतो, स्पीकरच्या किमतीइतके पैसे अ‍ॅम्प्लिफायरवर घालवल्याशिवाय संगीत ऐकूच नये. गंमत अशी, की दोघांच्याही हाती १९८७ सालचा पुरावा आहे.

त्या वर्षीच्या जानेवारीत अमेरिकेतल्या ‘स्टीरिओ रिव्ह्यू’ मासिकाने एक चाचणी प्रसिद्ध केली. दोनशेहून थोड्या अधिक डॉलरपासून बारा हजार डॉलरपर्यंतच्या किमतीचे अ‍ॅम्प्लिफायर श्रोत्यांना ओळख लपवून ऐकवले. आवाजाची पातळी काटेकोर जुळवली होती आणि एकालाही मर्यादेपलीकडे ताणले नव्हते. श्रोत्यांना कोणता अ‍ॅम्प्लिफायर वाजतो आहे हे खात्रीने ओळखता आले नाही. त्याच वर्षी फिनलंडचे संशोधक मॅट्टी ओटाला आणि पेर्ट्टी हुट्टुनेन यांनी बाजारातले स्पीकर तपासले. खास आकाराचे संकेत दिले असता काही स्पीकर ८ ओहमच्या साध्या रोधकाच्या साडेसहा पटींपर्यंत करंट क्षणभर ओढू शकतात, असे त्यांना आढळले.

हे दोन निष्कर्ष एकमेकांविरुद्ध आहेत असे वाटते, पण तसे नाही. नीट बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या मर्यादेत असेपर्यंत दुसऱ्यासारखाच वाजतो. मात्र ती मर्यादा कुठे आहे, हे तुमचा स्पीकर ठरवतो. याला एक अपवाद व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा. त्यांचा स्वतःचा अंतर्गत रोध जास्त असतो, त्यामुळे स्पीकरचा इम्पिडन्स चढउतार करू लागला की ध्वनीचा तोलही बदलतो. एरवी, ‘कोणता अ‍ॅम्प्लिफायर गोड?’ या प्रश्नावर आपण वेळ आणि पैसा दोन्ही घालवतो. विचारायचा प्रश्न असा : ‘माझ्या खोलीत, माझ्या आवाजाला, माझ्या स्पीकरसमोर हा मर्यादेत राहील का?’ बेताच्या पैशांत निवड करणाऱ्याला हा प्रश्न फार सोयीचा आहे, कारण त्याचे उत्तर मोजता येते.

घरच्या घरी मोजणी

आधी कागदावर. मामांच्या स्पीकरची संवेदनक्षमता ८५ डेसिबल. याचा अर्थ २.८३ व्होल्ट दिले असता एक मीटरवर ८५ डेसिबल आवाज. इथे एक मेख आहे. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमला १ वॉट, पण ४ ओहमला २ वॉट. तेव्हा ४ ओहमच्या स्पीकरचा आकडा वॉटच्या हिशेबाने ३ डेसिबल कमीच धरायचा. मी हिशेब व्होल्टमध्येच केला. अडीच मीटर अंतरावर मोकळ्या जागेत ८ डेसिबल कमी होतात. भिंतींच्या परावर्तनाने सुमारे ३ परत मिळतात. दोन स्पीकर असल्याने आणखी ३. म्हणजे माझ्या खुर्चीत २.८३ व्होल्टना साधारण ८३ डेसिबल. मैफलीतले तबल्याचे ठोके मनासारखे ऐकायचे तर क्षणिक टोके ९८ डेसिबलपर्यंत जायला हवीत. पंधरा डेसिबल जास्त म्हणजे व्होल्टेज साडेपाच पटींहून थोडे अधिक : सुमारे १६ व्होल्ट.

हा झाला अंदाज. तो पडताळून पाहण्याची एक साधी युक्ती आहे. आपल्याला हवे तितक्या मोठ्याने संगीत लावावे आणि आवाजाच्या बटणावर खूण करावी. (ज्या आवाजाला रिसीव्हर बंद पडत असे, तिथेच मी खूण केली.) मग अ‍ॅम्प्लिफायर बंद करून स्पीकरच्या तारा सोडवाव्यात. बटण खुणेवरच ठेवून १०० हर्ट्झचा, कमाल पातळीपेक्षा १२ डेसिबल खाली नोंदलेला सूर वाजवावा आणि साध्या मल्टिमीटरने स्पीकरच्या जोडणीवर एसी व्होल्ट मोजावेत. बारा डेसिबल म्हणजे व्होल्टेजमध्ये चौपट, म्हणून आकड्याला चारने गुणायचे. गाण्यातली सर्वांत मोठी टोके यापलीकडे जाऊ शकत नाहीत. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरवर मात्र हा प्रयोग करू नये. भाराशिवाय चालवला तर त्याचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

माझ्या मीटरने ३.८ व्होल्ट दाखवले. चौपट केले की १५.२. कागदावरचा अंदाज आणि मोजणी इतकी जवळ आलेली पाहून मलाच आश्चर्य वाटले. १५.२ व्होल्ट म्हणजे ८ ओहमच्या भाषेत जेमतेम २९ वॉट! शंभर वॉटच्या रिसीव्हरला जमत नव्हते ते २९ वॉटचे काम होते. मग अडत कुठे होते? त्याच मल्टिमीटरने स्पीकरचा रोध मोजला, तो ३ ओहम भरला. ही डीसीची मोजणी आहे. प्रत्यक्ष किमान इम्पिडन्स सहसा याच्या आसपास किंवा थोडा वर असतो, आतल्या मंडलामुळे कधी खालीही जातो. अंदाजापुरते ३ धरले. १५.२ व्होल्ट भागिले ३, म्हणजे ५ अँपिअर, आणि लहरीच्या टोकाला ७ अँपिअरहून अधिक. रिसीव्हरकडे दाब भरपूर होता, पाइप बारीक होता.

आता खरेदीची अट स्पष्ट झाली : ८ ओहमला ४० ते ५० वॉट पुरे, पण ४ ओहमला त्याच्या दुपटीच्या जवळ जायला हवेत आणि ३ ओहमला घाबरता कामा नये. शंभर-दोनशे वॉटच्या मागे धावण्याचे कारण उरले नाही. तिथेच निम्मे पैसे वाचले.

बाजारात काय बघावे

पहिली गोष्ट, ८ आणि ४ ओहमचे दोन्ही आकडे, दोन्ही वाहिन्या चालू असताना आणि १ टक्क्याहून कमी विकृतीला. ४ ओहमचा आकडा ८ च्या दीडपट ते दुप्पट असेल तर पाया भक्कम. तो छापलाच नसेल तर समजून घ्यावे. काही रिसीव्हरांना मागे ‘४ ओहम’ असे बटण असते. त्याने ताकद वाढत नाही. अनेकांत ते आतले व्होल्टेज कमी करून यंत्र तापू नये एवढीच सोय करते.

दुसरी गोष्ट, हल्ली मिळणारे ‘क्लास डी’ प्रकारचे लहानसे अ‍ॅम्प्लिफायर. हे खरोखर काटकसरी असतात आणि वजनावरून त्यांची परीक्षा होत नाही. पण आकडे वाचायला शिकावे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३२५५ ही चिप अशा पुष्कळ डब्यांत असते. तिची ३१५ वॉटची ख्याती ४ ओहमला आणि १० टक्के विकृतीला आहे. सोबतचा अडॅप्टर ४८ व्होल्ट ५ अँपिअरचा असेल तर तो एकूण २४० वॉटच देणार. दोन्ही वाहिन्यांना मिळून ६३० वॉट सलग येतील कुठून? तरीही माझ्यासारख्याची गरज त्यातून भागू शकते. अडॅप्टर दमदार असावा एवढेच.

तिसरी वाट जुन्या स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायरची. या बाबतीत १९७८ सालच्या नॅड ३०२० चे उदाहरण बोलके आहे. नॉर्वेचे ब्योर्न एरिक एडवर्डसन यांनी आखलेला हा स्वस्त अ‍ॅम्प्लिफायर कागदावर फक्त २० वॉटचा. पण क्षणिक मागणीला तो त्याच्या दुपटीच्या आसपास जाई आणि कमी ओहमच्या भारातही डगमगत नसे. दिखाव्याचे खर्च टाळून पैसा गरजेच्या ठिकाणी घातला होता, म्हणून तो जगभर खपला. जुने यंत्र घेताना तीन पथ्ये पाळावीत. ते २३० व्होल्टचे आहे ना ते बघावे, कारण अमेरिकेतून आलेले १२० व्होल्टचे असते. कोरडे पडलेले कपॅसिटर बदलण्याचा खर्च धरावा. आणि झाकण स्वतः उघडू नये. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये धक्का बसेल इतकी वीज राहते.

कमी ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर ‘निदान सुरक्षित’ असतो हा समजही सोडावा. मर्यादेपलीकडे ताणला की तो लहरींची टोके छाटतो, उंच स्वरांचा भार वाढतो आणि नाजूक ट्वीटर जळतो. आवाज कर्कश वाटू लागला की बटण मागे फिरवावे.

महागड्या तारांची काळजी करू नये. चार-पाच मीटरच्या अंतराला वायरमनकडे मिळणारी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार उत्तम चालते.

बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काही फेऱ्या मारल्या. शेवटी ओळखीतून एक वापरलेला स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर मिळाला : ८ ओहमला ५० वॉट, ४ ला ९०, वजन ११ किलो. २० हजार रुपये त्याचे आणि साडेतीन हजार कपॅसिटर बदलण्याचे. रिसीव्हर निम्म्या किमतीत विकला. ती माझी शिकवणी फी.

पाडव्याला मामी जेवायला आली. तेच ध्वनिमुद्रण लावले. द्रुत सुरू झाले, डग्गा घुमला आणि गाणे पुढे चालू राहिले. मामी थोडा वेळ त्या दोन खांबांकडे बघत बसली. “आयुष्यभर ह्यांना सांगत आले, आवाज कमी करा म्हणून,” ती म्हणाली, “आता जरा वाढव.”